ही सेटिंग्ज इथून बदलता येत नाहीत

"सर, हमारे यहाँ तो बिलकुल साफ़ दिख रहा है."

दादाच्या फोनच्या स्पीकरवर हे वाक्य ऐकलं त्याला आता बरेच दिवस झाले, तरी ते मनातून जात नाही. बोलणारा मुलगा, ऑफिसचा सर्व्हर चालवणाऱ्यांकडचा, उद्धट नव्हता. आवाजावरून पंचविशीच्या आतला असावा. बोलताना 'सर' म्हणत होता, थोडा वेळ होल्डवर ठेवून त्याने दादाच्या लॉगिनने स्वतः आत शिरून पाहिलं, आणि जे दिसलं ते प्रामाणिकपणे सांगितलं. त्याच्याकडे साफच दिसत असणार. इकडे इंदूरला, राजेंद्र नगरच्या घरात, मागच्या खोलीचा पडदा ओढून, दादा लॅपटॉपपासून वीतभर अंतरावर नाक नेऊन बसला होता. वहिनीने ठेवलेल्या चहावर साय धरली होती. महिन्याची अठरा तारीख होती आणि विसाच्या आत पार्ट्यांची जीएसटी रिटर्न जायची होती. फोन ठेवून दादा मला म्हणाला, "त्याचं बरोबर आहे गं. त्याला दिसतंय." आणि पुन्हा पडद्याकडे वाकला.

दादाला काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. चाळिशी ओलांडल्यावर चष्म्याचा नंबर काढायला गेला तेव्हा कळलं, आणि कळलं तोवर बरंच गेलेलं होतं. बहुतेकांचा काचबिंदू दुखत नाही, डोळा लाल करत नाही. कडेकडेने नजर कमी करत आत येतो, म्हणून उशिराच लक्षात येतो. गेलेली नजर परत मिळत नाही. उरलेली राखायची म्हणून रोज रात्री झोपताना थेंब टाकायचे. दादाला समोरचा माणूस दिसतो, त्याने पुढे केलेला हात दिसत नाही. पाटीवरचं अक्षर दिसतं, पाटीखालची पायरी दिसत नाही. आणि कडा जाण्याइतकंच त्रासाचं म्हणजे रंगांमधला फरक पुसट होणं: पांढऱ्यावर राखाडी अक्षर असलं की त्याच्यासाठी तिथे काहीच नसतं. उजेडाचं तर विचित्रच आहे. कमी असला तरी चालत नाही, जास्त झाला की डोळ्यांपुढे नुसती पांढरी चकाकी पसरते. अनंत चतुर्दशीच्या रात्री राजवाड्याजवळ गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, बघायला आम्ही लहानपणापासून जातो. आता दादा येतो, फुटपाथवर माझा दंड धरून उभा राहतो, आणि झांकी जवळ आली की मान खाली घालतो. दिवे सहन होत नाहीत. ढोल मात्र शेवटपर्यंत ऐकतो.

अशा नजरेला जुळणारी मांडणी त्याने आपल्या कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं, एकेक खटका दाबून बघत, स्वतःच करत आणली होती. काळी पार्श्वभूमी, पिवळं अक्षर. विंडोजचं स्केल, म्हणजे पडद्यावरच्या अक्षर-चिन्हांचं माप, दीडशे टक्के, त्याहून जास्त नाही. नजर कमी म्हणजे अक्षर जेवढं मोठं तेवढं बरं, असं लोकांना वाटतं. ज्याचं दृष्टिक्षेत्रच अरुंद झालं आहे त्याचं तसं नसतं. अक्षर फार मोठं केलं तर एका वेळी दोनच शब्द नजरेत मावतात, ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात हरवते, आणि रक्कम कुठल्या पार्टीपुढची होती ते शोधायला पुन्हा डावीकडे यावं लागतं. लहान केलं तर फरक कळत नाही. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी त्याची जागा आहे आणि ती त्यालाच ठाऊक आहे. माउसचा बाण जाड आणि हिरवा. २०२० मध्ये विंडोजमध्ये लिहिण्याच्या कर्सरला वर-खाली रंगीत खुणा लावायची सोय आली, तेव्हा त्याने मला मुद्दाम फोन करून सांगितलं होतं. कर्सर शोधण्यात जाणारा वेळ वाचला म्हणून तो केवढा खूश होता! त्या मांडणीत दादाचा वेग ऑफिसातल्या कुणाहीपेक्षा कमी नव्हता. जीएसटीचा पंधरा अक्षरांचा नंबर तो एका नजरेत तपासायचा: पहिले दोन आकडे राज्याचे, मध्य प्रदेशचा २३, महाराष्ट्राचा २७, मग पॅन, मग उरलेली तीन. कुठे इंग्रजी 'बी'च्या जागी आठ पडला असेल तर लगेच पकडायचा.

मग ऑफिसचं सगळं काम सर्व्हरवर गेलं.

त्यात चूक काही नाही. दादा ज्यांच्या ऑफिसात हिशेब लिहितो त्या सीए सरांचं म्हणणं अगदी रास्त होतं. पेन ड्राइव्हमधून डेटा इकडून तिकडे नेणं बंद झालं, एका मशीनची हार्ड डिस्क गेली म्हणून वर्षाची एंट्री बुडण्याची धास्ती संपली, पावसात राजवाड्याकडे पाणी तुंबलं तरी माणसं घरून काम करू लागली. हिशेबाचं सॉफ्टवेअर आता कुठल्याशा दूरच्या इमारतीत चालतं आणि आपल्यासमोर त्याचं फक्त चित्र येतं. आपण कळ दाबतो ती तिकडे पोचते, तिकडे आकडा उमटतो, आणि उमटलेल्या आकड्याचं चित्र परत इकडे येतं. लाखो लोक रोज असंच काम करतात, आणि त्यांना मध्ये काही आहे याची जाणीवही होत नाही.

दादाला पहिल्याच दिवशी झाली. लॉगिन केल्याबरोबर पडदा पांढराफेक झाला. काळी पार्श्वभूमी, पिवळं अक्षर, हिरवा बाण, कर्सरच्या खुणा, सगळं दाराबाहेर राहिलं. आत शिरणाऱ्याला चष्मा काढून ठेवायला लावावा तसं. अक्षर इतकं बारीक की मलाही पुढे वाकावं लागलं. त्याने सवयीने माउसचं उजवं बटण दाबलं, डिस्प्ले सेटिंग्ज उघडली. सगळे पर्याय राखाडी पडलेले, आणि खाली एक ओळ: रिमोट सेशनमधून, म्हणजे असं दूरच्या मशीनवर काम करताना, डिस्प्ले सेटिंग्ज बदलता येत नाहीत. ती ओळही त्याच बारीक अक्षरात. त्याने मला वाचून दाखवायला सांगितली.

मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते, म्हणून पुढचे काही रविवार सुदामा नगरहून दादाकडे जाऊन बसत राहिले. जे कळलं त्याने माझा राग कमी झाला नाही, वाढला. यातली एकही गोष्ट अशक्य म्हणून अडलेली नव्हती. अक्षराच्या मापाचंच घ्या. २०१३ च्या विंडोज ८.१ पासून आणि त्याच पिढीच्या सर्व्हरपासून, जोडणी करताना इकडचं स्केल तिकडे कळवलं जातं आणि सेशन त्या मापाने उघडतं. दादाचं ऑफिस ज्या सर्व्हरवर होतं तो त्याआधीच्या पिढीचा निघाला, ज्याचा नेहमीचा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला तो. त्याला इकडचं माप कळतच नाही. अशा जुन्या सर्व्हरसाठी विंडोज १० च्या रिमोट डेस्कटॉपमध्ये झूमची सोय ठेवलेली आहे, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातल्या चिन्हावर क्लिक केलं की मिळते. ती दादाला दाखवली. अक्षर मोठं झालं, पण झालं ते चित्र मोठं झालं. कडा विरघळल्यासारख्या, तीन आणि आठ एकमेकांत मिसळलेले. दादा म्हणाला, "मोठं झालं, पण अजून दूर गेलं." मी हे वाक्य वहीत लिहून ठेवलं आहे, कारण कुठल्याही तांत्रिक माहितीत मला ते इतकं नेमकं सापडलं नाही.

अक्षरांच्या कडा मऊ करण्याचं, ज्याला फॉन्ट स्मूदिंग म्हणतात, त्याचंही तसंच. पडद्यावरचं अक्षर चौकोनी ठिपक्यांचं असतं. कडेच्या ठिपक्यांना मधल्या छटा दिल्या की डोळ्याला सलग रेघ दिसते. रिमोट सेशनमध्ये ही सोय विंडोज व्हिस्टाच्या काळापासून आहे. पण जोडणीचा वेग कमी निवडला की तिची खूण आपोआप निघते, आणि सर्व्हर चालवणाऱ्याने धोरणातच मनाई केली असेल तर इकडून खूण लावूनही उपयोग नाही. इथे मनाई होती. थोडा डेटा वाचावा म्हणून. इंग्रजी अक्षर त्यातूनही कसंबसं तगतं. देवनागरीचं पार मातेरं होतं. आमच्या इंदूरात पार्ट्यांची नावं, गावं, व्हाउचरखालचे शेरे, बरंच काही हिंदीत असतं. शिरोरेघ, तिच्यावर मात्रा, तिच्यावर अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. एका अक्षराच्या उंचीत एवढं सगळं मावायचं. स्मूदिंग काढलं की आधी रफार जातो, मग अनुस्वार. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांच्यात उरते ती शिरोरेघेतली एका ठिपक्याची फट. 'वर्मा' आणि 'वामा' सारखेच. धड डोळ्यांची माणसं अंदाजाने वाचून पुढे जातात. हिशेबात अंदाज चालत नाही, आणि दादाच्या डोळ्यांना तो करताही येत नाही.

मॅग्निफायरने तर वेगळंच दुःख दिलं. आपल्या लॅपटॉपवरचं भिंग लिहिण्याच्या कर्सरमागे आपसूक सरकतं, कारण कर्सर कुठे आहे हे विंडोज त्याला सांगते. रिमोट सेशनमध्ये इकडच्या विंडोजला फक्त एक चित्र दिसतं. त्या चित्रात कर्सर आहे, रकाना आहे, बटण आहे, हे तिच्या लेखी नाहीच. मग भिंग फक्त माउसमागे धावतं. हिशेब लिहिणारा माणूस माउसला हात लावतो कुठे? त्याची बोटं एंटर आणि बाणांच्या कळांवर. दादा एंटर मारायचा, कर्सर पुढच्या रकान्यात जायचा आणि भिंग मागेच राहायचं. ज्यांना अजिबात दिसत नाही त्यांची याहून वाईट अवस्था. त्यांचा स्क्रीन रीडर, पडद्यावरचं वाचून बोलणारा प्रोग्राम, चित्रापुढे मुका होतो. दादाच्या ओळखीत असा एक मुलगा आहे, डोळ्यांनी पूर्ण अंध, एनव्हीडीए वापरतो. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेला आणि जेम्स तेह या दुसऱ्या अंध प्रोग्रामरच्या साथीने वाढवलेला हा मोफत स्क्रीन रीडर आपल्याकडेही अनेकांचा आधार आहे. तो तिकडच्या मशीनवरही बसवावा लागतो, तरच तिकडचं बोलू शकतो. २०२५ च्या पहिल्या आवृत्तीपासून दूरच्या मशीनशी जोडण्याची सोय त्यातच आली आहे. पण तिकडे काही बसवायची परवानगी कोण देणार? त्या मुलाने सर्व्हरचं काम असलेली नोकरी सोडली. कारण विचारलं तर लोक सांगतात, त्याला जमलं नाही.

एक गोष्ट वाचली तेव्हा मी खरोखर खुर्चीतून उठले. पूर्ण डेस्कटॉपऐवजी एकाच प्रोग्रामची खिडकी दूरवरून दाखवायची जी पद्धत आहे, तिच्या नियमांत वापरणाऱ्याची हाय कॉन्ट्रास्टची, म्हणजे काळ्यावर पिवळ्यासारख्या ठळक रंगांची, पसंती इकडून तिकडे कळवण्यासाठी वेगळी जागा ठेवलेली आहे. म्हणजे नियम लिहिताना कुणाला तरी दादासारखा माणूस आठवला होता. दुसरीकडे, चित्र दाबून लहान करण्याची जी पद्धत सर्रास वापरतात, एच.२६४ या व्हिडिओच्या पद्धतीतली ४:२:० ची, ती उजेडाचा तपशील पूर्ण ठेवते आणि रंगाचा चौथा हिस्साच. माणसाचा डोळा रंगापेक्षा उजेडातला फरक बारकाईने टिपतो, हा तिचा आधार. चित्रपटाला हे छान जमतं. रंगीत अक्षराच्या बारीक कडा मात्र त्यात फिसकटतात. म्हणूनच २०१६ च्या सुमारास अक्षरांसाठी पूर्ण रंग राखणारी ४:४:४ ची सोय आली. सगळं आहे. कुणीतरी केलेलं आहे. प्रश्न एवढाच उरतो की खूण कोण लावणार, आणि ती लावण्याचा अधिकार ज्याला दिसत नाही त्याच्या हातात का नाही.

आमचे बाबा सराफ्यातल्या एका पेढीवर हिशेब लिहायचे. संध्याकाळी दागिन्यांची दुकानं बंद व्हायची, फळ्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागायच्या, तुपाचा आणि भाजलेल्या मक्याचा वास वरच्या मजल्यापर्यंत यायचा, आणि बाबा त्या वासात दिवसाची बेरीज करत बसायचे. पेढीच्या म्हाताऱ्या शेठजींना मोतीबिंदू होता. त्या काळी तो 'पिकल्या'शिवाय काढत नसत, म्हणून वर्ष-दोन वर्षं तसेच काढायचे. लाल कापडी बांधणीच्या वहीत बाबांचं अक्षर नेहमीचं, बारीक, एका वळणाचं. पण दिवसाअखेरची टोटल ते एका वेगळ्या कागदावर, रुंद कापलेल्या बोरूने, बोटभर उंच आकड्यांत लिहायचे, शाई दोनदा फिरवून. मी एकदा विचारलं होतं की वहीत आहेच तर परत का लिहायचं. बाबा म्हणाले, "वही पेढीची आहे. हा कागद शेठजींचा." शेठजी तो कागद खिडकीशी नेऊन, एका डोळ्यावर हात धरून, प्रत्येक आकडा ओठांनी पुटपुटत वाचायचे आणि मग खाली सही करायचे. त्यांना कुणी वाचून दाखवलेलं खपत नसे. आपल्या पैशाचा आकडा आपल्या डोळ्यांनी वाचायचा, हा त्यांचा हट्ट होता, आणि बाबांनी तो कधी हट्ट मानला नाही.

दादाला मात्र हल्ली वाचून दाखवतात. ऑफिसातला एक मुलगा शेजारी बसतो आणि आकडे सांगतो. मुलगा चांगला आहे, मनापासून करतो. पण संध्याकाळी घरी आल्यावर दादा गप्प असतो. तीस वर्षं ज्याने दुसऱ्यांच्या चुका पकडल्या त्याला आता दुसऱ्याच्या तोंडच्या आकड्यावर विश्वास ठेवून सही करावी लागते. सरांच्या बोलण्यातही हळूहळू 'तुमच्या डोळ्यांमुळे' यायला लागलं आहे. डोळे तर गेल्या वर्षीही हेच होते! डोळ्यांतला दाब आटोक्यात आहे, तपासणीत नजर होती तिथेच आहे. बदललं काय, तर पडद्यावरच्या काही खुणा. ज्या माणसाने दूर बसून त्या काढल्या, त्याला दादाचं नावही माहीत नाही, आणि दोष येऊन चिकटला तो दादाच्या अंगाला.

कायदा आपल्या बाजूने आहे, निदान कागदावर. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यातली अल्पदृष्टीची व्याख्या नुसत्या नंबरवर थांबत नाही. दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी ते १० अंशांपर्यंत उरलं असेल तरी ती अल्पदृष्टीच. काचबिंदूवाल्यांना हे सहसा कुणी सांगत नाही. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ई-केवायसीच्या, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याच्या, प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेली माणसं आणि एक अंध नागरिक त्यासाठी न्यायालयात गेले होते. कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावून दाखवा, असं यंत्र त्यांना सांगत होतं. मी तो निकाल दादाला वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "आपण कोर्टात नको जाऊ. आधी पत्र तर लिहू."

पत्र मी लिहिलं, तो शेजारी बसून सांगत होता. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं की माझ्या भावाला नीट दिसत नाही, तरी कृपया सहकार्य करावं. त्याने तिथेच थांबवलं. "मला दिसत नाही असं लिहू नकोस. माझ्या लॅपटॉपवर मला दिसतं. तिथे दिसत नाही, असं लिही. आणि कृपया पण काढ, काम आहे ते." मग तसं लिहिलं. सर्व्हर चालवणाऱ्यांकडून तीन गोष्टी मागितल्या: फॉन्ट स्मूदिंगवरची मनाई काढा, दादाच्या लॉगिनला थीम आणि रंग बदलू द्या, आणि त्याचं सेशन अशा सर्व्हरवर हलवा ज्याला इकडचं स्केल कळतं. सीए सरांनी पत्र वाचलं, खालच्या बाजूला स्वतःची सही केली आणि पुढे पाठवलं. त्यांनी ती सही केली याचं मला फार बरं वाटलं.

पहिल्या दोन गोष्टी एका दुपारीत झाल्या. कुणी वाद घातला नाही, पैसे मागितले नाहीत. मेन्यू काळे झाले, अक्षरांना कडा आल्या, अनुस्वार परत दिसायला लागले. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची मधली खिडकी अजून फिकट पिवळीच आहे, कारण ते स्वतःचे रंग वापरतं आणि विंडोजची थीम मानत नाही. पण आता शेजारी बसणाऱ्या मुलाला दादा फक्त शेवटच्या तपासणीला बोलावतो. माप मात्र तेच बारीक. तिसऱ्या मुद्द्यावर उत्तर आलं की एका यूजरसाठी सर्व्हर बदलणं परवडत नाही. त्यावर दादाने विचारलं की तुमच्या सर्व्हरवर एकूण लॉगिन किती, आणि त्यांतल्या किती जणांना तुम्ही कधी विचारलंत? त्याचं उत्तर अजून यायचं आहे. दुसरं पत्र सोमवारी गेलं. त्यात फक्त तिसरा मुद्दा आहे, आणि खाली दादाच्या आणि सरांच्या सह्यांबरोबर तिसरी सही आहे, नोकरी सोडलेल्या त्या मुलाची.